सबनीस निर्देशांक

कोपरच्या त्या कॉलेजचं मैदान सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी खुलं असे. ही मंडळी दोन फेऱ्यांत दमत आणि मग कट्ट्यावर बसून मतं देत. मतं देताना मात्र कुणी दमल्याचं ऐकिवात नाही. पाण्याचा दाब, गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या तरी जावयाचं कॅनडातलं घर हे विषय उरकले की सगळ्यांची तोंडं समोरच्या मॅटकडे वळत. तिथे कॉलेजच्या मुलींचा कबड्डी संघ सराव करत असे.

संघात चढाई करणाऱ्या मुख्य दोघी होत्या, संचिता आणि रुचिता. नावं इतकी सारखी की आईबापांनी आपसात ठरवून ठेवल्यासारखी. त्यांच्यात भारी कोण, यावरून कट्ट्याचे दोन तट पडले होते. एक दिवस हा वाद इतका तापला की रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे दोन गृहस्थ एकमेकांच्या गोळ्यांचा उद्धार करू लागले.

गुरुदत्त सबनीस अशा वादात पडत नसत. उभी नोकरी विमा कंपनीच्या आकडेवारी खात्यात काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते, आणि 'मत' या वस्तूची त्यांना शिसारी होती. मत कुणाकडेही असतं, ते फुकट मिळतं. आकडा कमवावा लागतो. पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"हे असं भांडून ठरत नसतं," ते म्हणाले. "दोघींच्या चढायांची नीट नोंद करा, सूत्र लावा, उत्तर येईल. यात मत कुठे आलं?"

कट्टा गप्प झाला. सबनीसांना बरं वाटलं. वाईट एवढंच झालं की पाठीमागे संघाच्या प्रशिक्षक मृणाल मॅडम उभ्या होत्या आणि त्यांनी हे ऐकलं.

मृणाल मॅडमच्या डोक्यावर त्या वेळी वेगळंच ओझं होतं. विद्यापीठाच्या सराव शिबिरासाठी कॉलेजने चढाई करणाऱ्या एका मुलीचं नाव पाठवायचं होतं. एकच. रुचिता ही दगडूभाऊंची नात, आणि मैदानाचा अर्धा भाग ज्या जमिनीवर होता ती एके काळी दगडूभाऊंच्या घरची भातशेती होती. संचिता शहाडहून यायची. तिच्यामागे तिची आई विमलाबाई सोडल्यास कुणी नव्हतं, पण विमलाबाई एकट्या पुरेशा होत्या. आणि मॅडमची नोकरी कंत्राटी, दर जूनमध्ये नव्याने जीव धरणारी. निर्णयाची जबाबदारी घेईल असा एखादा गृहस्थ त्या बरेच दिवस शोधत होत्या. तो सापडला, आणि तो स्वतःहून बोलत होता.

त्याच आठवड्यात संस्थेचे कार्यवाह मधु कारखानीस यांनी सबनीसांना चहाला बोलावलं.

"आम्हाला तुमच्यासारखा निःपक्षपाती माणूस हवा होता," कारखानीस म्हणाले.

सबनीसांना आजवर अनेक विशेषणं लागली होती. ऑफिसात 'काटेकोर', सासरी 'शांत', घरी 'अहो'. निःपक्षपाती कुणी म्हटलं नव्हतं. ते विरघळले. मानधन घेणार नाही, असं त्यांनी कुणी देऊ करायच्या आधीच जाहीर केलं.

घरी स्वप्नाबाई भेंडी चिरत होत्या. सबनीसांनी सगळा वृत्तांत सांगितला.

"पण तुम्हाला कबड्डीतलं काय कळतं?" स्वप्नाबाईंनी विचारलं.

"स्वप्ना, ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही अशी लाखो माणसं साधारण कधी मरतील, हे मी सांगत आलोय. या दोघी तर डोळ्यांसमोर पळतायत."

"त्या लाखांतलं कुणी परत येऊन तुमची चूक दाखवणार नव्हतं. या येतील," स्वप्नाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भेंडीचं पुढचं बोट कापलं.

बातमी सोसायटीत संध्याकाळपर्यंत पोचली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशींनी ड्रोन सुचवला. त्यांच्या मेहुण्याकडे होता. लग्नांत वापरत, मधल्या काळात रिकामाच असे. तळमजल्यावरच्या परांजपे वहिनींचं म्हणणं पडलं की एवढी यातायात कशाला, दोघींच्या जन्मवेळा आणा, मंगळ कुणाचा बलवान ते बघू. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका इंजिनियर तरुणाने हे सगळं एआय दोन मिनिटांत करतं असं सांगितलं, आणि ते कसं करतं हे सांगेपर्यंत त्याचा मजला आला. खुद्द दगडूभाऊ पानाच्या टपरीवर भेटले. ते तरुणपणी गावकीच्या संघातून खेळलेले. अजून बोलताना उजवा खांदा पुढे काढून उभे राहत.

"सबनीस, आयकलं का तुमी कबड्डी कागदावं खेलनार हाव."

"खेळणार नाही, मोजणार आहे."

"मोजा, मोजा. भात मोजतान तशी पोरी मोजा. पन आमची रुचिता पयली येल, यो आधीच लिवून ठेवा. मंग मोजाला तरास नाय."

यावर सबनीस जे हसले त्याला त्यांच्या मते निःपक्षपाती हसू म्हणता आलं असतं.

त्यांनी कामाची एक शिस्त ठरवली. चेहरे बघायचे नाहीत. चेहरा पाहिला की मनात अढी बसते किंवा माया येते, दोन्हींनी आकडा बिघडतो. मुलींच्या पाठीवरचे नंबर तेवढे बघायचे. संचिता सात, रुचिता नऊ. सात काय करते, नऊ काय करते, बस्स. ही शिस्त त्यांना इतकी आवडली की ती त्यांनी स्वप्नाबाईंना दोनदा सांगितली.

पहिला सामना शहाडला होता. सबनीस मुलाच्या मोबाइलचा जुना तीन पायांचा स्टँड घेऊन गेले, मैदानाच्या कडेला तो उभा केला आणि चित्रण सुरू केलं. सगळं नीट चाललं होतं. सातने गुण घेतला, नऊची पकड झाली, सातने बोनस काढला. सबनीस मान न हलवता नोंदी करत होते. तेवढ्यात यजमान कॉलेजच्या दोन बायका त्यांच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. एक शिक्षिका असावी, दुसरी कुणाची तरी आई.

"काका, तुम्ही कुणाचे?"

"म्हणजे?"

"कुठल्या मुलीचे वडील?"

"कुठल्याच नाही," सबनीस प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग व्हिडिओ कशाला काढताय?"

"तुलना करायला."

"कशाची?"

"दोन मुलींची."

यापुढे सबनीसांनी जे जे स्पष्टीकरण दिलं ते परिस्थिती आणखी बिघडवणारंच ठरलं. मी चेहरे बघत नाही, फक्त पाठी बघतो, हे वाक्य तर त्यांनी स्वतःच्या बचावासाठी वापरलं. गर्दी जमली. कुणीतरी मोबाइल काढून घेतला. कुणीतरी 'सभ्य दिसतात हेच जास्त डेंजर असतात' असं म्हटलं. मृणाल मॅडम सामन्यात गुंतल्या होत्या, त्यांना पत्ता नव्हता. सबनीसांना जवळच्या पोलीस चौकीत नेण्यात आलं, आणि त्यांचा स्टँडही पुरावा म्हणून सोबत आला.

चौकीतले हवालदार सौजन्याने वागले. त्यामुळे अपमान जास्त झाला. त्यांनी पंखा सबनीसांकडे वळवला आणि घरी कुणाला फोन लावायचा ते विचारलं. लावला. स्पीकरवर.

"मॅडम, गुरुदत्त सबनीस म्हणून तुमचे कोण?"

"आमचेच आहेत. काय झालं?"

"मुलींच्या कबड्डीचं शूटिंग करताना सापडले."

"हो, ते करतात," स्वप्नाबाई म्हणाल्या. "कॉलेजनेच सांगितलंय. सोडा त्यांना. निरुपद्रवी आहेत."

हवालदारांनी 'निरुपद्रवी' हा शब्द मनातल्या मनात तपासल्यासारखं सबनीसांकडे पाहिलं आणि मान डोलावली. सबनीस रिक्षात बसून घरी आले. खरं तर फोनवरून का होईना, बायको धावून आली याचं त्यांना समाधान वाटायला हवं होतं. पण माणसाला आयुष्यात एकदा तरी आपण थोडे उपद्रवी असू, अशी आशा असते.

यापुढे कॉलेजचं अधिकृत ओळखपत्र गळ्यात असल्याशिवाय मैदानावर पाऊल ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ऑफिसातल्या लेखनिकाने सांगितलं की ओळखपत्र कर्मचाऱ्याला मिळतं, विद्यार्थ्याला मिळतं. तुम्ही कोण? अर्ज करा. अर्ज क्रीडा विभागाकडून यायला हवा. क्रीडा विभागाने तो महिला तक्रार निवारण समितीकडे पाठवला, कारण मुलींचं चित्रण. समितीने विचारलं की तक्रार काय आहे. तक्रार नाही, असं सबनीसांनी सांगितलं, तेव्हा समितीने तक्रार नसल्यास प्रकरण आमच्या कक्षेत येत नाही असा शेरा मारून अर्ज परत केला. शेवटी शहाडची चौकी मदतीला आली. तिथे तोंडी का होईना तक्रार झालेली होती. आपल्याविरुद्धच्या तक्रारीचा आधार घेऊन सबनीसांनी आपलाच अर्ज मंजूर करून घेतला. एवढा कायदेशीर पराक्रम त्यांनी नोकरीतही केला नव्हता.

ओळखपत्र आलं. फोटो चांगला होता. नावाखाली छापलं होतं: 'मुलींचे निरीक्षक'.

"हे बदलून द्या," सबनीस म्हणाले.

"जुनं जमा करा आणि नवा अर्ज द्या. समितीकडून येऊ दे," लेखनिक म्हणाला.

पुढचे सगळे सामने सबनीसांनी ते ओळखपत्र गळ्यात उलटं घालून पाहिले. उलट्या बाजूला 'हे कार्ड सापडल्यास कृपया परत करावे' असं छापलेलं होतं. ते त्यांना जास्त आपलंसं वाटे.

इकडे दोन्ही घरांना सबनीसांचं महत्त्व कळून चुकलं होतं. एका रविवारी दगडूभाऊंकडून खाडीतल्या ताज्या निवट्यांनी भरलेली पिशवी आली. सबनीस फिरून आले तेव्हा पिशवी रिकामी होती आणि घरभर आगरी मसाल्याचा वास दरवळत होता.

"परत पाठव," सबनीस म्हणाले. "ही लाच आहे."

"शिजवलेली लाच परत कशी पाठवू?" स्वप्नाबाईंनी विचारलं.

सबनीस हे सबनीस असल्याने मासळीपुढे त्यांचं फार काही चालत नसे. अन्न वाया जाऊ नये एवढ्याच हेतूने ते जेवले, आणि तोच हेतू मनात धरून त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं की आता पारडं एका बाजूला झुकलं. त्यामुळे बुधवारी शहाडहून विमलाबाई कुळथाची पिठी आणि घरचे सांडगे घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना नाही म्हणणं हा पक्षपात झाला असता.

विमलाबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. "मी वशिला लावायला नाही आले हां," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला घेऊ नका वाटलं तर. पण का नाही घेतलं ते मला समजंल असं सांगा. सूत्र-बित्र नको. गेल्या वर्षी सूत्र सांगूनच तिचं फ्रीशिप बंद केलं."

"आकडे खोटं बोलत नाहीत, विमलाबाई," सबनीस म्हणाले.

"नसतील. पण ते बोलतात कुठं, त्यांना बोलवतात," असं म्हणून विमलाबाई डबा तिथेच ठेवून गेल्या.

सबनीसांचं सूत्र मात्र आता आकार घेत होतं. आधी नुसते गुण मोजायचे होते. मग अयशस्वी चढायांची वजावट आली. मग समोर बचाव करणाऱ्या किती, संघ पुढे की मागे, वेळ किती उरलाय, मॅट कोरडी की दमट. शेवटी जे बाहेर पडलं त्याला त्यांनी विनयाने 'सबनीस निर्देशांक' असं नाव दिलं. हंगाम संपल्यावर त्यांनी तो दोघींना लावला आणि खुर्चीला टेकून बसले. सात आणि नऊ, दोघींचा निर्देशांक सारखा आला. जवळपास नव्हे, सारखाच. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. तेच.

एखादा साधा माणूस इथे घाबरला असता. सबनीसांना मात्र आनंद झाला. निसर्गाने दोन व्यक्तींत एवढा समतोल साधावा आणि तो पकडायला आपलंच सूत्र असावं, हा योग त्यांना भारावून टाकणारा वाटला. त्यांनी अहवाल लिहिला. आलेख घातले. निष्कर्षात लिहिलं, 'दोन्ही खेळाडू शास्त्रीयदृष्ट्या समसमान असून एकीला दुसरीपेक्षा श्रेष्ठ ठरवणे अन्यायकारक होईल.' अहवाल कारखानीसांच्या टेबलावर ठेवून ते हलक्या मनाने मैदानावर आले.

"झालं काका?" मॅटवरून एका मुलीने विचारलं. सबनीसांची पाठ तिकडे असल्याने त्यांना ती कोण ते कळलं नाही.

"झालं. अत्यंत चुरशीचं होतं," ते म्हणाले.

"मग एकदा मॅटवर या की. वर्षभर बघितलंत, एकदा पकडून तर बघा."

मृणाल मॅडमनी नको म्हणायला हवं होतं. पण त्याही वर्षभर सबनीसांकडून चढाईच्या कोनाचं गणित ऐकत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यात उभे राहा, सर."

सबनीस बूट काढून कोपऱ्यात उभे राहिले. पहिली संचिता आली. बारीक, सावकाश, दम घुमवत. ती आपल्याकडे बघतही नाहीये हे सबनीसांच्या लक्षात आलं आणि त्यांना हायसं वाटलं. ती मधल्या मुलीकडे वळली, परत फिरली, निघून गेली. सबनीस पवित्र्यात तसेच उभे राहिले.

"सर, तुम्ही बाद," मॅडम म्हणाल्या.

"कधी?"

"मघाशीच."

त्यांना पुन्हा आत घेतलं आणि रुचिता आली. तिच्या येण्यात काही गुपित नव्हतं. ती सरळ त्यांच्या अंगावर आली. सबनीसांनी डोळे मिटून जे हाताला लागलं ते धरलं. तो तिचा घोटा होता. रुचिता मध्यरेषेकडे निघाली. घोट्याला लटकलेले सबनीस तिच्यासोबत निघाले. रेषा ओलांडेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही, याचं कौतुक नंतर झालं. हात सोडला नाही म्हणूनच डावा मनगटात मोडला, हेही नंतर कळलं.

रिक्षातून त्यांना कल्याणच्या एका हाडांच्या दवाखान्यात नेताना दोघी मुली दोन बाजूंना बसल्या. रुचिता रडकुंडीला आली होती.

"सॉरी काका. मला वाटलं सोडाल."

"तुझी चूक नाही. तू नऊ नंबर. तुझी ताकद मी मोजलेली आहे," सबनीस दात आवळून म्हणाले. "शहाडच्या सामन्यानंतर तर तुझी पकड फारशी झालीच नाही. एकदम सुधारलीस."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"काका, शहाडनंतर दर वेळी नऊ नंबर मी नव्हते," रुचिता म्हणाली. "आम्ही जर्सी बदलायचो."

"कधी?"

"एक मॅच आड एक," संचिता म्हणाली. "समोरच्यांचे कोच नंबर बघून पोरींना सांगायचे ना, सातला असं धरा, नऊला तसं धरा. म्हणून मॅडमनीच सांगितलं बदला म्हणून. गुणपत्रकावाल्यांना आधी सांगायचो आम्ही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सबनीसांच्या मनगटातून एक कळ डोक्यात गेली. अर्धी संचिता आणि अर्धी रुचिता मिळून सात, उरलेल्या अर्ध्या मिळून नऊ. समसमान यायला निसर्गाचा काही संबंध नव्हता.

"तुम्ही चेहरे नाही का बघितले?" संचिताने अगदी साधेपणाने विचारलं.

प्लास्टर घालताना डॉक्टरांनी दुखतंय का म्हणून विचारलं. सबनीस हो म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट कुणालाही न सांगण्याचा निर्णय घेतला. स्वप्नाबाईंनाही नाही. निष्कर्ष तर समसमान आहे, कुणाचं नुकसान नाही, फार तर कॉलेज दोघींचीही नावं पाठवेल; उगाच आपली शोभा कशाला करून घ्या? असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि समजुतीसाठी त्यांना फार वेळ लागला नाही.

पुढच्या आठवड्यात सूचना फलकावर कागद लागला. 'तज्ज्ञ समितीच्या शास्त्रीय अहवालानुसार कु. संचिता व कु. रुचिता या समसमान ठरल्या असून, कोणा एकीची निवड अन्यायकारक होईल. सबब, दोघींवरील अन्याय टाळण्यासाठी शिबिराकरिता कु. शर्वाणी कारखानीस यांचे नाव पाठवण्यात येत आहे.'

शर्वाणी ही कार्यवाहांची पुतणी. संघात ती राखीव होती आणि हंगामभर पाण्याच्या बाटल्या तिने मन लावून सांभाळल्या होत्या. एकदा चढाईला गेली तेव्हा दम धरायचं विसरली होती.

सबनीस फलकासमोर उभे राहिले. 'अन्यायकारक' हा शब्द त्यांचाच होता. पाठीमागून मुलींचा घोळका गेला. रुचिता त्यांच्याशी बोलली नाही. संचिता थांबली आणि म्हणाली, "काका, हात कसाय?" तिने तोंड फिरवलं असतं तर त्यांना बरं पडलं असतं.

ते कारखानीसांकडे गेले. अहवाल मागे घ्यायचा आहे, असं म्हणाले.

"का? उत्तम अहवाल आहे," कारखानीस म्हणाले. "तुमचा सत्कार ठेवलाय वार्षिक समारंभात. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या बाई येणार आहेत. आणि काही चुकलंय असं सांगायचं असेल तर कसं चुकलं ते लेखी द्यावं लागेल ना? सगळ्यांसमोर वाचावं लागेल. तुम्हाला चालेल?"

सबनीसांना चालणार नव्हतं, हे कारखानीसांना माहीत होतं. निःपक्षपाती माणूस त्यांनी उगाच निवडला नव्हता.

त्या रात्री सबनीसांनी स्वप्नाबाईंना सगळं सांगितलं. त्या हसतील म्हणून ते तयार होते. त्या हसल्या, भरपूर हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग आता काय करणार?"

"लोक हसतील गं."

"ते हसतायतच. चौकीपासून हसतायत. तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

समारंभाला हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत दगडूभाऊ पांढरी टोपी घालून बसले होते, शेवटच्या रांगेत विमलाबाई. कारखानीसांनी सबनीसांना शाल घातली. गळ्यात अडकवलेल्या हातामुळे ती एका बाजूने घसरली, ती पुन्हा वर ओढली, ती पुन्हा घसरली. मग दोन शब्द बोलायला माइक हातात दिला.

"मी एक अहवाल लिहिला," सबनीस म्हणाले. "तो चुकीचा आहे. मी वर्षभर सात नंबर आणि नऊ नंबर यांची तुलना केली. या मुली एक सामना सोडून जर्सी बदलत होत्या. मला ते कळलं नाही, कारण मी त्यांचे चेहरेच पाहिले नव्हते. मी तसं ठरवलं होतं. त्यामुळे माझ्या आकड्यांतून कुणीच समसमान ठरत नाही. ठरलंच तर एवढं ठरतं की मला दोन मुलींमधला फरक कळत नाही."

सुरुवातीला एकजण हसला. मग रांग हसली, मग हॉल. दगडूभाऊंनी टोपी काढून मांडीवर आपटली. कट्ट्यावरची मंडळी तर एकमेकांना धरून हसत होती, दोन्ही तट एकत्र. सबनीस शाल धरून उभे राहिले. हसू ओसरलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या विद्यापीठाच्या बाईंनी कारखानीसांना विचारलं, "म्हणजे तुम्ही पाठवलेलं नाव या अहवालावर आहे?"

"म्हणजे, त्या अनुषंगाने," कारखानीस म्हणाले.

"मग आता अनुषंग राहिला नाही," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी मी मैदानावर येते. तिघींना बोलवा."

सकाळी शर्वाणीला ताप आला. उरलेल्या दोघींच्या चढाया बाईंनी बघितल्या आणि मृणाल मॅडमना सगळ्यांसमोर विचारलं, "कोच तुम्ही आहात. कोण?"

मॅडमनी दगडूभाऊंकडे पाहिलं, मग मॅटकडे पाहिलं. "संचिता," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण नाव नीट ऐकू आलं. कागदावर सही तिथेच झाली.

दगडूभाऊ उठून गेले. त्यांच्याकडून मासळी येणं बंद झालं. स्वप्नाबाईंनी ते मनाला लावून घेतलं. मॅडमच्या कंत्राटाचं जूनमध्ये काय होणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. कारखानीसांनी सबनीसांच्या सत्काराचा फोटो वार्षिक अंकातून काढून टाकला आणि शालीची आठवण करून देणारा फोन ऑफिसातून दोनदा आला.

संचिता शिबिराला गेली त्यानंतर काही दिवसांनी सबनीसांचं प्लास्टर निघालं. ते मैदानावर आले तेव्हा रुचिता एकटीच मॅट झाडत होती. सबनीस लांबूनच वळणार होते.

"काका, इकडे या," ती म्हणाली.

ते गेले.

"खरं सांगा. भारी कोण, ती का मी?"

सबनीसांकडे या वेळी आकडा नव्हता. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. भुवईवर जुनी खोक होती, ती त्यांना पहिल्यांदाच दिसली. "ती," ते म्हणाले. "मला तिने कधी मारलं ते अजून कळलं नाहीये."

"माहितीये मला," रुचिता म्हणाली. "अख्ख्या टीमला माहितीये. मॅडमना तर पहिल्या दिवसापासून. आमच्या आजोबांनापण माहितीये, म्हणून तर निवट्या पाठवल्या."

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

सबनीस मॅटच्या कडेला बसले. वर्षभराचे सामने, चौकी, समितीचे शेरे, उलटं ओळखपत्र, हे सगळं त्यांना दोन-तीन सेकंदांत पुन्हा भेटून गेलं. संघातल्या कुणाही मुलीला एक प्रश्न विचारला असता तर संध्याकाळी घरी पोचून भेंडीची भाजी खाता आली असती.

रुचिताने झाडू ठेवला. "पुढच्या वर्षी जागा माझी," ती म्हणाली. "पण कॉर्नरवरून मी अजून पकडली जाते. प्रॅक्टिसला कुणीतरी न सोडणारा माणूस लागणार. उजव्या हाताने धरता येईल ना तुम्हाला?"

सबनीस घरी आले आणि स्वप्नाबाईंना म्हणाले, "माझी ती ढगळ ट्रॅकपॅन्ट कुठे आहे?"

"कशाला? डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय फक्त."

"फिरायलाच," सबनीस म्हणाले. "म्हणजे, कुणीतरी ओढत नेलं तर."